गरम इंजिनाचा काटा

“बंद कशाला केलीस?” दाऊद वस्तादांनी विचारले.

“काटा बघितला की. चारवर उभा आहे.”

“गाडी गार आहे.”

सुखदेवने मीटरची काच फडक्याने पुसली.

जतच्या नाक्यावरील वस्तादांच्या गॅरेजात त्याने नुकताच आपल्या जुन्या पिकअपला ऑइल प्रेशरचा मीटर बसवला होता. मूळचा लाल दिवा त्याला पुरेसा वाटत नव्हता. तो लागतो तेव्हा इंजिन वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते. म्हणून त्याने दिव्याचा स्विच काढून तेथे बारीक तांब्याची नळी जोडली, ती पत्र्यातून केबिनमध्ये घेतली आणि मीटरला भिडवली. आता इंजिनातले तेल स्वतः वर येऊन काटा ढकलणार होते. काम निर्दोष होते. वस्तादांच्या हाताखाली घडलेल्या मिस्त्र्यांत आपला हात सर्वांत साफ, ही त्याची समजूत अनाठायी नव्हती.

मात्र गॅरेजचा एक दंडक होता. इंजिन पुरते तापल्याखेरीज काटा वाचायचा नाही; गार तेल दाट असते, काटा खोटाच वर चढतो. हा दंडक सुखदेवने स्वतः कित्येकांना शिकवला होता.

वस्तादांनी बॉनेट उचलले, ऑइलची पट्टी ओढली आणि तिच्यावरचा थेंब दोन बोटांत चोळला.

“जाड ऑइल घातलंस.”

“हो.”

“कशाला?”

“काटा वर राहील म्हणून.”

“काटा कुणी बघायचा?”

“मीच.”

“मग फसवतोस कुणाला?”

…

वस्तादांनी पट्टी पुसून जागेवर ठेवली, खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन धडधडू लागले. दोघे मीटरकडे पाहत उभे राहिले.

काटा चारवर चढला. बराच वेळ तेथेच राहिला. मग तीनवर आला.

…

दोनवर.

…

एकच्या खाली उतरून तो थरथरत राहिला. खोलवरून, तेलाचा दाब पुरेनासा झाल्याचा, एक बारीक, कोरडा आवाज येऊ लागला होता.

“खोलू या का, वस्ताद?”

“खोलून काय करशील? क्रँकचा दांडा मागच्या खेपेलाच शेवटचा घासलाय, आता आणखी घासता येत नाही. दुसरा मिळत नाही. तूच भंगारबाजार पालथा घातलास ना?”

“घातला.”

“मग?”

“एसटीत कौसल्याला बसवत नाही. मिरजेला तर न्यावंच लागतं. डायलिसिस चुकवून चालत नाही.”

बाभळीच्या सावलीत, बाजेवर, त्याची बायको कौसल्या बसली होती. पाय सुजलेले, अंगावर भर उन्हात शाल.

“अहो,” तिने हाक दिली, “काय म्हणतंय तुमचं घड्याळ? का त्यालाबी चावी द्यायची राहिली?”

“झकास आहे,” सुखदेव म्हणाला. “काही काळजी नाही.”

ती हसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिले.

“मागच्या खेपेला डॉक्टरांनी तुला एकट्याला आत घेतलं होतं म्हणे.”

“हो.”

“काय म्हणाले?”

सुखदेवने मान खाली घातली. “आता फार दिवस चालायचं नाही, म्हणाले. शरीर साथ देत नाही.”

“आणि तिला काय सांगितलंस?”

“झकास आहे म्हणून.”

…

वस्तादांनी इंजिन बंद केले. कोरडा आवाज थांबला.

“वस्ताद, एक करा. मीटर जरा माझ्याकडं वळवून पक्का करा. तिच्या जागेवरून काटा दिसायला नको. वाटेत बघितला तर घाबरंल.”

वस्तादांनी पाना मागितला. सुखदेवने तो त्यांच्या हाती दिला. म्हाताऱ्याने केबिनमध्ये वाकून मीटर धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल केला, नळीला पीळ पडू नये म्हणून ती डाव्या हाताने सांभाळली, आणि मीटरचे तोंड सावकाश फिरवले… फिरवत कौसल्या बसते त्या सीटसमोर आणले. मग बोल्ट आवळला.

“वस्ताद, काय करताय हे? तिला कळंल.”

वस्तादांनी पाना परत केला.

“मघाशी मला पाणी दिलं तिनं. म्हणाली, ‘भाऊ, हल्ली सपाट रस्त्यालासुद्धा इंजिनाचा आवाज येतो. मला कळतं सगळं, ह्यांना सांगू नका…’ तू एकटाच कशाला बघत बसतोस?”