सुगरण पक्षी आणि आखूड नळी

एका ओढ्याकाठच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. गवताची पाती चोचीने चिरून घरटे विणायला बसला, की त्याला तहानभूक आठवत नसे. रोज सकाळी पोपटांचा थवा वरून जाताना ओरडे, "छान! छान!" ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. मग एके दिवशी त्याने पाहिले, की पलीकडच्या कडुनिंबावर कावळ्याने कशाबशा कोंबलेल्या काड्यांनाही पोपट "छान! छान!" म्हणाले. पुढे एक वठलेली फांदी होती, तिच्यावर तर काहीच नव्हते. तिलाही तेच! पोपटांना तरी बोल कसा लावायचा, मुलांनो? त्यांना तेवढेच शब्द येत होते.

सुगरण पक्ष्याचे मन मात्र विटले. "मग मी जीव ओतून विणतो कुणासाठी?" असे म्हणून तो अर्धे झालेले घरटे एकेक पात ओढून उसवू लागला. आता पुन्हा कधी विणायचे नाही, असे त्याने ठरवले होते.

तेवढ्यात चिमणीहूनही लहान अशी एक मुनिया शेजारी येऊन बसली. "दादा, उसवू नका. गेल्या वर्षी तुम्ही सोडलेल्या घरट्यात मी अंडी घातली होती. आतून तुम्ही चिखलाचे गोळे लावले होते ना, त्या वजनाने ते वादळातही फार हेलकावलं नाही. माझी दोन पिल्लं त्यात वाढली."

"दोनच?"

मुनिया म्हणाली, "होती तीन. दाराची नळी आखूड पडली, धामणीचं तोंड आत पोचलं. तुम्हाला दोष देत नाही मी. पण असं घर दुसऱ्या कुणाला बांधता येत नाही, म्हणून तुम्हालाच सांगायला आले."

सुगरण पक्ष्याला फार वाईट वाटले. पण त्याच्या घरट्यात आत शिरून पाहणारे आजवर कुणी भेटलेच नव्हते. चोचीतली पात त्याने परत ओवली. पुढचे आठ दिवस तो नळीच विणत होता. पोपट "छान! छान!" करत गेले, तरी त्याने मान वर केली नाही. नळी चांगली वीतभर लांबली, तेव्हा त्याने मुनियेला बोलावले. ती आत गेली, बराच वेळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "यंदा तिन्ही वाढतील, दादा."

तात्पर्य : सगळ्यांना सरसकट वाटलेली शाबासकी कानापाशीच विरते; पण आपले काम आतून पाहून त्यातले बरे-वाईट सांगणारा एकजण भेटला, तर केलेल्या कष्टांना अर्थ येतो.