परतीच्या वाटेवरची खापरं

एका गावात वर्षातून एकदा धावण्याची शर्यत भरायची. बक्षीस काही फेट्याचं किंवा कड्याचं नव्हतं. जो जिंकेल त्याच्या वस्तीला त्या वर्षी पाटाच्या पाण्याची पहिली पाळी मिळायची. पाणी जेमतेम, त्यामुळे शेवटच्या पाळीवाल्यांच्या शेतात बहुतेकदा ओलसुद्धा पोचत नसे.

डोंगर देवाचा, म्हणून शर्यत अनवाणी. देवळापर्यंत चढायचं, घंटा वाजवायची आणि आल्या वाटेनं खाली यायचं. अर्ध्या वाटेवर एका म्हातारीचं खोपट होतं. ती घागर भरून उभी राही. तिथं प्रत्येकानं थांबायचं, ओंजळ धरायची, पाणी प्यायचं आणि मगच पुढं निघायचं, असा रिवाज होता. सगळेच थांबत, म्हणून थांबण्यात कुणाचंच नुकसान नव्हतं.

पण नव्या पाटलाला ते बघवेना. चार गावचे पाहुणे बोलावले होते ना! "वाकून ओंजळीनं पाणी पितात? हसतील लोक आपल्याला," तो म्हणाला. त्यानं कुंभाराकडून पाचशे बोळकी भाजून घेतली आणि म्हातारीच्या खोपटासमोर पाणी भरून ओळीनं मांडली. धावता धावता उचला, प्या आणि फेका!

म्हातारी म्हणाली, "पाटील, भाजलेलं खापर पायात सुरीवानी घुसतं. पोरं ह्याच वाटेनं माघारी यायचीत."

"आजे, मातीचंच तर आहे. उद्या गडी लावून झाडून घेऊ."

त्या शर्यतीत माळवस्तीचा सटवा धावणार होता. माळवस्तीची पाळी सलग तीन वर्षं शेवटची होती. निघताना बायको त्याला म्हणाली, "औंदा पानी न्हाई आलं तर वस्ती उठंल, धनी." सटव्यानं मान हलवली.

शर्यत सुटली आणि सटवा वाऱ्यासारखा निघाला. खोपटापाशी तोच पहिला पोचला. म्हातारी वाटेच्या कडेला हात पुढं करून उभी होती. "बाळा, प्यालास की बोळकं माझ्या हातात दे. खाली टाकू नगंस."

तिच्यापर्यंत फार तर तीन पावलं होती. पण मागून खालच्या आळीच्या गड्यांची पावलं वाजत होती. सटव्यानं पाणी घशात ओतलं आणि बोळकं भर वाटेत आपटलं. खरं सांगायचं तर, मागच्यांच्या पायाखाली ते आलं तर बरंच, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. फुटल्याचा आवाज झाला तसे पाहुणे टाळ्या पिटू लागले. मग काय, प्रत्येकालाच टाळ्या हव्या होत्या. पुढ्यातल्या खापरांवरून उडी मारून कुणी दोन फोडली, कुणी तीन. उरलेली बघ्यांनी हौसेनं फोडली.

देवळाची घंटा पहिल्यांदा सटव्यानंच वाजवली. माघारी उतरताना त्याला डोळ्यांसमोर पाटाचं पाणी दिसत होतं. खोपटापाशी आला तर म्हातारी केरसुणीनं वाट झाडत होती, एकटीच. एवढ्या गर्दीतल्या कुणालाही तिच्या हाताखाली वाकावंसं वाटलं नव्हतं. कडेची वीतभर पट्टी तेवढी साफ झाली होती. तिची पावलं रक्तानं माखली होती.

"थांब रे! ह्या कडेनं ये, हळू ये!" ती ओरडली.

पुन्हा तीनच पावलं. सटवा थांबला नाही. सरळ गेला आणि चौथ्या ढांगेला खापर टाचेत खोल रुतलं. तो कोसळला. मागचेही एकेक करून लंगडत खाली बसले. शेवटी खालच्या आळीचा एक सुस्त गडी आला. तो म्हातारीचं ऐकून कडेकडेनं चालत उतरला आणि चालतच जिंकला. ज्यांच्या दारातून पाट वाहत होता, त्यांनाच पहिली पाळी मिळाली.

पाटलाचा 'उद्या' काही उगवला नाही. म्हातारीच्या पायातल्या जखमा चिघळल्या. गावातलं कुणी औषधाचा पाला घेऊनही तिच्याकडे फिरकलं नाही. पौषात ती गेली.

फाल्गुनात माळवस्ती उठली. बोचकी डोक्यावर घेऊन माणसं डोंगर ओलांडायला निघाली. सटवा लंगडत सर्वांत मागं होता. खोपटापाशी त्याच्या लहान लेकीनं पाणी मागितलं. दार बंद होतं आणि घागर उपडी पडली होती. वाटेवर खापरं तशीच होती आणि पोरीचे पाय अनवाणी होते.

सटवा खाली बसला आणि तिच्या पुढ्यातली खापरं वेचू लागला. वेचता वेचता त्याची ओंजळ भरली. तेव्हा मात्र त्याला रडू आवरलं नाही.

तात्पर्य: पुढं जाण्याच्या घाईत वाटेवर टाकलेलं परतताना आपल्याच पायात रुततं, आणि आपल्यासाठी वाट झाडणारं माणूस एकदा गेलं की मग कितीही थांबलं तरी उपयोग नसतो.