गोंदाजीच्या मुंडाशातली अंडी

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात गोंदाजी नावाचा म्हातारा एकटाच राहत होता. माणूस कष्टाळू, पण ताठ. "कुणाचं घेतलं नाही, कुणापुढे वाकलो नाही," असे तो ज्याला त्याला ऐकवी. शेजारच्या चांगुणाने सणाला ताट पाठवले, तरी ते भरलेलेच परत जाई.

त्याच्याकडे एक तांबडी कोंबडी होती. तीही धन्यासारखीच. कुणी हात लावला की टोचायची. परसात ती अंड्यांवर बसलेली असताना एके दुपारी कुंपणाच्या भोकातून मुंगूस शिरले. तांबडीला पळता आले असते, पण ती अंडी सोडून हलली नाही. गोंदाजी काठी घेऊन धावला तसे मुंगूस पळाले. तोवर कोंबडीची मान रक्ताने भरली होती आणि एक पंख लोंबत होता.

वाटेने जाणारा एकजण म्हणाला, "आता कसली जगते ती? रस्सा कर."

"अंड्यांसाठी जिनं अंगावर घाव घेतला, तिचा रस्सा? तू चालू लाग," गोंदाजी म्हणाला.

त्याने मिठाच्या कोमट पाण्याने जखमा धुतल्या. खोबरेल तेलात हळद कालवून लावली. धोतराची पट्टी फाडून पंख अंगाशी बांधला. मग बोट पाण्यात बुडवून एकेक थेंब चोचीत सोडला. एरवी टोचणारी तांबडी गप्प राहिली. तिने थेंब गिळला आणि मान त्याच्या तळहातावर टाकली.

तिला अंड्यांवर बसवेना. इकडे अंडी थंड होऊ लागली. चांगुणाची कोंबडी त्याच सुमारास खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. तिच्याखाली ही अंडी ठेवली की काम झाले असते. पण त्यासाठी चांगुणाच्या दारात जाऊन मागावे लागणार होते. गोंदाजीने डोक्याचे मुंडासे सोडले, अंडी त्यात गुंडाळून पोटाशी धरली आणि अंगावर घोंगडी घेऊन ओसरीवर बसून राहिला.

चांगुणाने कुंपणावरून पाहिले. ऐन उन्हात घोंगडी!

"काय तात्या, खुडूक झालात का?"

"तू तुझं काम कर."

"करते. पण पिल्लं निघेपर्यंत उठू नका हं. आणि जवळ कुणी आलं तर टोचा!"

गोंदाजीने घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली. उन्हे उतरली. बसून बसून पाठ भरून आली. डाल्याच्या टोपलीखाली ठेवलेली तांबडी कण्हल्यासारखी कुरकुरली. त्याने तिला पुन्हा पाणी पाजले. तिने पुन्हा मान त्याच्या हातावर ठेवली.

हिचा ताठा माझ्याहून काय कमी होता? त्याच्या मनात आले. तरी हिने माझा हात घेतला. मग मला लाज कसली?

दिवेलागणीला तो चांगुणाच्या दारात उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "पोरी, एवढी अंडी तुझ्या कोंबडीखाली ठेव. मला जमायचं नाही."

चांगुणा हसली नाही. अंधारात तिने एकेक अंडे हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवले. निघताना गोंदाजीच्या हातात तांदळाच्या कण्यांची वाटी दिली. "तांबडीला मऊ शिजवून घाला."

ती वाटी परत गेली नाही.

तांबडीचा पंख सांधला. ती अंगणात चालू लागली आणि तिकडे पिल्ले निघाली. दुसऱ्याच्या कोंबडीने उबवलेली पिल्ले निम्मी निम्मी वाटायची, असा गावचा रिवाज होता. गोंदाजीने वाटे केलेच नाहीत. मुंगूस शिरले ते भोक त्याने दगड घालून बुजवले, आणि शेजारीच कुंपण तोडून माणसाला जाता येईल एवढी वाट पाडली. पिल्ले दोन्ही अंगणांत हिंडू लागली.

रोज संध्याकाळी त्या वाटेवर उभा राहून तो म्हणे, "चांगुणा, तुझे उपकार झाले गं."

शेवटी एकदा ती म्हणाली, "अहो तात्या, एकदा सांगितलंत, कळलं. रोज रोज काय?"

"जन्मभर कुणाला म्हटलं नाही," गोंदाजी म्हणाला. "साठलंय."

तात्पर्य: अडल्या वेळी दुसऱ्याचा हात घेण्यात कमीपणा नाही, तो हात विसरण्यात आहे.