झेलिंडाचं विरजण

इटलीत टस्कनी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. फार वर्षांपूर्वी, म्हणजे तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पणजोबांनीही ही गोष्ट नुसती ऐकलीच होती, इतक्या पूर्वी, तिथे एका कड्याला बिलगून कास्तेल्वेर्ना नावाचं गाव होतं. गावात झेलिंडा राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सोबतीला एक नणंद, आर्मिदा. गावानं झेलिंडाकडे एकच काम सोपवलं होतं. ती वाइनची आई सांभाळायची.

आता वाइनला आई कुठली, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. त्या गावची वाइन म्हणजे विन सान्तो, पवित्र वाइन. पांढऱ्या द्राक्षांचे घड माळ्यावर वाशांना टांगायचे. थंडीभर ते सुकतात, सुरकुततात, मनुकांच्या वाटेला लागतात. रोज कुणीतरी वर जाऊन वास घ्यायचा, कारण एक मणी सडला की घड जातो आणि एक घड गेला की माळा जातो. मग ती द्राक्षं पिळायची. टोपलीभर द्राक्षांतून तांब्याभर रस निघतो. तो लहानशा लाकडी पिंपात भरून, बूच मारून तोंड मेणानं बंद करायचं आणि पिंप माळ्यावर ठेवून द्यायचं. उन्हाळ्यात तापू द्यायचं, हिवाळ्यात गारठू द्यायचं, सहा वर्षं हात लावायचा नाही. आत अमृत होतंय की आंबट शिरका, ते कुणालाच कळत नाही.

पण नुसत्या रसानं हे साधत नाही. जुन्या पिंपाच्या तळाशी दाट तपकिरी साका उरतो, तो नव्या रसात घालावा लागतो. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसंच. त्या साक्याला ते लोक 'माद्रे' म्हणतात. माद्रे म्हणजे आई.

एका वर्षी पावसानं महिनाभर उसंत दिली नाही. देवळाच्या फरशीला चीर पडली. गवंडी ओरेस्ते हा गावातला जाणता माणूस. त्यानं सकाळी चिरेत बोट घातलं, दुपारी त्याची मूठ आत गेली. तो बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "निघायचं."

ज्याला पाठीवर जे घेता आलं ते त्यानं घेतलं. गावात भरलेलं पिंप एकच होतं, झेलिंडाच्या माळ्यावरचं, आणि त्याला चारच वर्षं झाली होती. ते उचलून उतारावरून नेणं शक्य नव्हतं. झेलिंडानं मेण फोडलं, वाइन ओतून टाकली, तळाचा साका एका वाळक्या भोपळ्यात भरला आणि भोपळा लोकरीत गुंडाळून छातीशी बांधला. शेवटचा माणूस ओढ्यापलीकडे गेला आणि मागे अख्खं गाव दरीत कोसळलं.

तीन दिवस चालून ते एका ओसाड टेकडीवर पोचले. असं म्हणतात, वाटेत बर्फ पडला, पण झेलिंडाच्या खांद्याला टेकायच्या आधीच तो विरून जायचा.

टेकडीवर काही नव्हतं. कुणी म्हणे शहरात जाऊ, कुणी म्हणे समुद्रावर. ओरेस्तेनं झेलिंडाला विचारलं, "मावशी, आई जिवंत आहे का?"

तिनं भोपळा कानाला लावला. आत बारीक सळसळ होती. "आहे," ती म्हणाली. "श्वास चालू आहे."

त्या एका शब्दावर लोक थांबले. त्यांनी पाठीवरून आणलेली वेलींची कलमं लावली. वेल फळायला चार वर्षं लागणार होती. रोज सकाळी विहिरीवर बाया विचारायच्या, आणि झेलिंडा सांगायची, "आहे." ती आईला चमचाभर मनुकांचा रस पाजायची. असं म्हणतात, त्या चार वर्षांत ती एकदाही आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी भोपळा गप्प झाला. तिनं हलवून पाहिलं, रस घातला, दिवसभर कान लावून बसली. काही नाही. वासही नाही.

आर्मिदा म्हणाली, "वहिनी, सांगून टाक."

"आज सांगितलं तर उद्या निम्मी घरं रिकामी होतील. ओरेस्तेची सून पोटुशी आहे. ती कुठे चालत जाईल या थंडीत?"

ती विहिरीवर गेली. बायांनी विचारलं. ती म्हणाली, "आहे."

 आठवडाभरात तिचे केस पांढरे झाले. दार वाजलं की तिला वाटायचं, कळलं यांना. पहिली द्राक्षं आली, टांगली, पिळली. सगळ्यांच्या देखत तिनं तो मुका भोपळा पिंपात उपडा केला.  मग मेण लागलं, आणि सहा वर्षं ती त्या माळ्याखाली बसून राहिली.

पिंप उघडायच्या दिवशी सगळं गाव जमलं. ओरेस्तेनं बूच काढायला हात घातला, तशी झेलिंडा ओरडली, "थांब!" आणि तिनं सगळं सांगितलं.

 मग ओरेस्तेची सून नेव्हिया पुढे आली. "माझ्या नवऱ्याला समुद्रावर काम मिळत होतं. तुझ्या शब्दावर आम्ही इथे दगड फोडत राहिलो."

"हो," झेलिंडा म्हणाली.

"भीती वाटत होती तर आम्हाला का नाही सांगितलंस? आम्हीही भ्यायलोच होतो."

 मग नेव्हिया सासऱ्याकडे वळून म्हणाली, "उघडा. काय असेल ते कळू दे."

बूच निघालं. आधी कसलाच वास आला नाही. आर्मिदानं डोळे मिटून घेतले. मग हळूहळू सुक्या अंजिराचा, अक्रोडाचा, मधाचा दरवळ सुटला. असं म्हणतात, तो टेकडीखालच्या रस्त्यापर्यंत गेला आणि भर थंडीत मधमाश्या पोळ्यांतून बाहेर आल्या. वाइन कोऱ्या चहासारखी सोनेरी उतरली. नेव्हियानं पहिला पेला झेलिंडाच्या हातात दिला. झेलिंडा प्याली, आणि घाबऱ्या आवाजात आर्मिदाला म्हणाली, "खरंच चांगली झालीय का गं? का मलाच वाटतंय?"

कुणी म्हणतात, आई नुसती निजली होती. कुणी म्हणतात, आई कधीच गेली होती, झेलिंडाच्या अंगातली ऊब भोपळ्यात उतरली. झेलिंडाला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय ठाऊक." त्या दिवशी ती घरी जाऊन आडवी झाली आणि तीन दिवस झोपली.

ते गाव त्या टेकडीवर अजून आहे. आजही दरवर्षी पिंप उघडतं तेव्हा लहान लहान पेले भरतात, बदामाची कडक बिस्किटं ताटात मांडतात, पण लगेच कुणी वाइनमध्ये बिस्किट बुडवत नाही. आधी गावातल्या एकानं उभं राहून, वर्षभर कुणाला न सांगितलेली आपली भीती मोठ्यानं सांगायची. याला 'झेलिंडाचा घोट' म्हणतात. एका वर्षी तिथला पाववाला उठला आणि म्हणाला, "मला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय." त्याची बायको चकित होऊन बघत राहिली. मग शेजाऱ्यानं त्याचा डावीकडचा पेला त्याच्या उजव्या हाताशी सरकवला, आणि सगळे प्याले.