कवडी कोंबडीचे औषध

पूर्वी शोणवती नगरीत महीसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्माला आला होता आणि त्याचे नाव वेणुक होते. नगराच्या पूर्व वेशीबाहेर, नदीच्या उतारावर बुरुडांची वस्ती होती. तिथे तो सुपे, टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणी. त्याच्या घरात तिघे होते: तो, त्याची बायको उत्पला आणि कवडी नावाची कोंबडी.

कवडीची आई सापाने मारली तेव्हा कवडी अंड्यातच होती. उत्पलाने ते एकच उरलेले अंडे टोपलीभर कोंड्यात घालून चुलीजवळ ठेवले, दिवसातून चार वेळा उलटले, आणि त्यातून ही ठिपक्याठिपक्यांची कोंबडी निघाली. आपण कोंबडी आहोत हे तिला कधी नीट पटलेच नाही. ती जात्याच्या पाळीवर झोपे. बोधिसत्त्व वेळू फोडायला बसला की मात्र ती असेल तिथून धावत येई. कोयत्याने पेर फुटल्याचा खाडकन आवाज झाला की आतून एखादी अळी पडते, हे तिला ठाऊक होते. मग ती कोयत्यापासून हातभर अंतरावर मान वाकडी करून उभी राही.

आता कवडी म्हातारी झाली होती. वर्षभर तिने अंडे दिले नव्हते. त्यातच एके दिवशी तिने खाणे सोडले. गळ्याखालची पिशवी फुगून घट्ट झाली, चोचीला आंबूस वास येऊ लागला.

दोन वर्षांपूर्वी त्या वस्तीत मानमोडीची साथ येऊन एकूण एक कोंबडी मेली होती. उत्पलाने माडीवर कोंडून ठेवलेली कवडी तेवढी वाचली होती. तेव्हापासून वस्तीने एक नियम केला होता. आजारी पाखरू तीन दिवस घरात वेगळे ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना वस्तीचा मुखिया येई आणि समोर दाणे टाकी. पाखराने आपणहून टिपले तर ते घरच्यांचे. नाही टिपले तर नदीपलीकडे नेऊन मारून पुरायचे. नियम कठोर होता, पण बोधिसत्त्वाने तो करताना हात वर केला होता आणि आता तो मागे घेणार नव्हता.

पहिल्या दिवशी उत्पलाने ओवा, हळद आणि लसूण ठेचून काढा केला, त्यात गुळाचे पाणी घातले आणि वाटी कवडीपुढे ठेवली. कवडीने वाटीत पाय दिला. भाताच्या शितांना काढा लावला, तर तिने शिते चिवडली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पलाचा धाकटा भाऊ देविल आला. तो राजाच्या अश्वशाळेत तीन वर्षे घोड्यांची वैद्यकी शिकत होता. विद्या मिळालेल्या तरुणाला जगातले दुखणे एका दिवसात संपवावेसे वाटते, तसे त्याला वाटे. ते संपत नाही याचा राग त्याला दुखण्याइतकाच दुखणेकऱ्याचाही येई.

"दाजी कुठे आहेत?" त्याने विचारले.

"नदीवर. वेळू भिजत घातलेत, ते बघायला," उत्पला म्हणाली. "तू जरा हिच्याकडे बघ रे. औषध घेतच नाही."

"घेत नाही म्हणजे? आक्का, तू तिला विचारत बसलीस होय? औषध ही काय विनवणी करायची गोष्ट आहे? आमच्याकडे पाचशे घोडे आहेत. एकालाही आम्ही विचारत नाही."

"ही घोडा नाही."

"म्हणून तर सोपं आहे. धर तिला."

शेजारची मंदारा दारात येऊन उभी राहिली. "मी म्हणते, एवढा काढा शिजवलाच आहे, तर त्यातच कोंबडीही शिजव. अंडं देत नाही, रस्सा तरी देईल."

"मंदाराकाकू, तुमच्या सासूबाईही आता दळण दळत नाहीत," उत्पला म्हणाली. मंदारा हसली आणि तिथेच टेकून बसली.

देविलने बोटाएवढ्या वेळूचे नळकांडे घेतले, त्यात काढा भरला. घोड्याला ढोस देताना तोंड आभाळाकडे करतात, जीभ एका बाजूला ओढून धरतात आणि नळकांडे घशाशी नेऊन रिकामे करतात. त्याने कवडीचे तसेच केले. उत्पलाने पंख दाबून धरले होते. कवडीने पाय झाडले, मान पिळली. देविलचा हात मात्र पक्का होता. काढा सगळा आत गेला.

"बघ," तो म्हणाला.

कवडीच्या घशातून घरघर आली. तिचा लाल तुरा आधी काळपट झाला, मग जांभळा. मान उत्पलाच्या मनगटावर कलंडली.

तेवढ्यात बोधिसत्त्व अंगणात आला. कवडीला उचलून त्याने तिचे डोके खाली केले आणि एका बोटाने चोच उघडी धरली. नाकपुड्यांतून पिवळा काढा गळला. कितीतरी वेळाने तिने कर्कश श्वास घेतला.

"जिभेच्या मुळाशी एक बारीक भोक असतं," तो शांतपणे म्हणाला. "तिथून ती श्वास घेते. जीभ ओढून मान वर केली की ते उघडं पडतं. पाणी पोटाकडे जायच्या ऐवजी छातीत जातं."

देविल त्या भोकाकडे बघत राहिला. त्याला अश्वशाळेतला राखी घोडा आठवला आणि पावसाळ्यातली ती काळी शिंगरी. दोघांना साधा खोकला होता. ढोस दिला आणि दोन दिवसांत दोघे गेले. मुख्य अश्ववैद्य म्हणाले होते, रोगच भारी होता. काळ्या शिंगरीची जीभ देविलने ओढून धरली होती.

हे तो कोणाला बोलला नाही.

कवडीला जमिनीवर ठेवताच ती धडपडत माडीखाली शिरली. तिथे जाते आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट होती. हात घालून ओढली तर तिचे पंखच मोडले असते. उत्पलाने हाका मारल्या. दाणे टाकले. फटीतून फक्त घरघर ऐकू येत होती. रात्र तशीच गेली.

तिसरा दिवस उजाडला. देविल अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"दाजी, जातं सरकवू. मी आणि तुम्ही मिळून सरकेल. तिला बाहेर काढू, या वेळी मी मान खाली धरतो, अगदी हळू."

"बाहेर निघेल," बोधिसत्त्व म्हणाला. "पण आपल्या हातांना भिऊनच जीव सोडेल. काल तिला काय झालं ते ती विसरलेली नाही."

"मग काय बसून राहायचं? संध्याकाळी मुखिया कालक येईल. दिवस निघून चाललाय आणि तुम्ही..." तो थांबला. थोरल्या मेहुण्याशी असे बोलायची रीत नव्हती. "तुम्हाला घाई कशी होत नाही, तेच मला कळत नाही."

"होते ना. तुझ्याएवढीच होते. पण माझी घाई तिच्या काय कामाची?"

मग बोधिसत्त्व उठून माडीवर गेला आणि कापडात गुंडाळलेला एक लांब वेळू घेऊन खाली आला. उत्पलाच्या हातातले सूप तसेच राहिले.

शोणवतीत दर पाच वर्षांनी राजाचे छत्र नवे करीत. त्याचा दांडा बुरुडांच्या वस्तीतून निवडला जाई, आणि ज्याचा वेळू निवडला त्याला उत्सवाच्या दिवशी राजाच्या हत्तीमागे चालायचा मान मिळे. पुढे पिढ्यानपिढ्या त्या घराला छत्रधराचे घर म्हणत. बोधिसत्त्वाने हा वेळू चार वर्षे सांभाळला होता. विस्तवावर शेकून सरळ केला होता, दर पौर्णिमेला तेल चोळले होते. वस्तीत तसा दुसरा नव्हता, आणि निवड चार दिवसांवर आली होती.

"दुसरा एखादा बघा की," उत्पला हलकेच म्हणाली.

"नदीतले भिजलेले आहेत. ओला वेळू मुकाट फाटतो, आवाज करत नाही. कोरडा हा एवढाच आहे."

"माझ्या कोंबडीपायी..."

"तुझी कोंबडी आपल्या सगळ्यांचा आवाज ऐकून आत दडून बसली आहे. तिला अजून ओळखीचा वाटेल असा एकच आवाज उरलाय."

तो नेहमीच्या जागी, नेहमीसारखा मांडी घालून बसला. कोयता पेरावर टेकवला आणि वरून घाव घातला. खाडकन आवाज झाला.

फटीत घरघर थांबली.

दुसरे पेर. तिसरे पेर. देविल पुढे सरसावला, तेव्हा बोधिसत्त्वाने मान न वळवता डाव्या हाताने त्याला खाली बसवले. "तिकडे बघू नकोस. कामट्या सोल."

तो कामट्या सोलू लागला. आयुष्यात एवढे अवघड काम त्याने केले नव्हते. मागे काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक ठिपकेदार पंख दिसला आणि दिसेनासा झाला. सावल्या अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या.

बोधिसत्त्वाने उभ्या चिरलेल्या वेळूची अर्धी बाजू जमिनीवर पालथी न घालता उताणी ठेवली. पेरापेराला पडदा असल्याने तिच्या एकापुढे एक अशा छोट्या पन्हळी झाल्या होत्या. पहिलीत त्याने काढ्याचे चार थेंब सोडले. आणि पुढचे पेर फोडले.

कवडी आली. कोयत्यापासून हातभर अंतरावर मान वाकडी करून उभी राहिली. अळी पडली नाही. पण पन्हळीच्या तळाशी काहीतरी चमकत होते. तिने एक डोळा लावून पाहिले, दुसरा डोळा लावून पाहिले, आणि टिपले.

देविलने श्वास रोखला. तिने मान वर केली, स्वतःच, आपल्याला हवी तेवढी. थेंब खाली उतरला. तिने डोके झाडले, चोच मातीत पुसली, भयंकर रागाने चारी दिशांना पाहिले. आणि पुन्हा टिपले.

दुपारभर तसे चालले. छत्राच्या दांड्याचे एकेक पेर फुटत होते आणि थेंबाथेंबाने वाटीतला काढा सरत होता. अर्धी वाटी झाली तेव्हा कवडीने मान लांब करून आंबूस पाणी ओकले. देविल दचकला. बोधिसत्त्व म्हणाला, "वाट मोकळी होतेय." शेवटच्या पेराला तिने थेट त्याच्या गुडघ्याला टेकून पन्हळीत मान घातली.

सूर्य टेकला तेव्हा मुखिया कालक आला. जाडजूड, पायाने अधू, मनाने वाईट नसलेला माणूस. अंगणात पडलेले तुकडे पाहून तो ओळखीच्या तेलाच्या वासाने थबकला.

"वेणुक, हा तो वेळू नाही ना?"

"तोच आहे."

कालकने एक तुकडा उचलून पाहिला आणि खाली ठेवला. मग त्याने कनवटीचे दाणे काढले. "नियम तुला माहीत आहे, बाबा."

"टाका," बोधिसत्त्व म्हणाला. "नाही टिपले तर मीच तिला घेऊन येईन."

दाणे पडले. कवडीने ते पाहिले आणि दुसरीकडे मान फिरवली. उत्पलाने पदर तोंडाशी धरला. देविलच्या बोटांना वाटत होते की तिची मान धरावी आणि दाण्यावर दाबावी. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला.

कवडी दोन पावले पुढे गेली, कालकच्या पायापाशी थांबली, आणि त्याच्या अंगठ्याच्या पिवळ्या नखावर तिने जोरात चोच मारली.

"आई ग. हा दाणा नव्हे, अंगठा आहे माझा."

"आपणहून टिपला मात्र," दारातून मंदारा म्हणाली.

"नियमात दाणा आहे, मंदारा."

"मग अंगठा बाजूला घ्या की. त्याच्याखाली दाणा आहे तो."

कालकने पाय उचलला. दाणा तिथेच होता. कवडीने तो टिपला. मग बाजूचा टिपला. कालक अंगठा चोळत परत गेला. वेशीपर्यंत तो हसत होता की लंगडत होता, ते मागून कळत नव्हते.

त्या वर्षी छत्राचा दांडा दुसऱ्या घरचा निवडला गेला. उत्सवाच्या दिवशी ते लोक हत्तीमागे चालले, तेव्हा बोधिसत्त्व अंगणात सूप विणीत होता आणि कवडी वेळूच्या चिरलेल्या तुकड्यात पाणी पीत होती. देविल अश्वशाळेत परतला. त्याने राखी घोड्याची आणि काळ्या शिंगरीची गोष्ट मुख्य वैद्यांना सगळ्यांसमोर सांगितली, स्वतःच्या हाताचा दोष न लपवता. त्याबद्दल त्याला वर्षभर लीद उचलावी लागली. पण त्या वर्षात आजारी घोडे त्याच्या ओंजळीतून औषध पिऊ लागले.

ही कथा पुढच्या एका जन्मी बुद्ध झालेल्या शास्त्याने नदीकाठच्या विहारात सांगितली. तिथे सुयाम नावाचा एक वृद्ध भिक्षू तापाने पडला होता. तो औषध घेईना, म्हणून त्याची सेवा करणाऱ्या सोमिल नावाच्या तरुण भिक्षूने सकाळी त्याचे नाक दाबून औषध ओतले होते. म्हातारा गुदमरला होता आणि औषधाचे पात्र फुटले होते. सोमिल म्हणाला होता, "मी त्याच्या भल्यासाठीच केले." शास्ता त्याच्यावर रागावला नाही. "सोमिला, भले करण्याची तुझी तळमळ आजची नाही," एवढेच म्हणून त्याने ही कथा सुरू केली होती.

कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "तेव्हाची उत्पला म्हणजे आज या विहाराला रोज पेज पाठवणारी उपासिका. कालक मुखिया म्हणजे विहाराचे नियम सांभाळणारा आपला वडील भिक्षू. मंदारा म्हणजे त्याच्याशी रोज वाद घालणारी माळीण. देविल म्हणजे हा सोमिल. वेणुक बुरूड मी होतो."

"आणि कोंबडी?" अंथरुणातून सुयामाने क्षीण आवाजात विचारले.

शास्ता त्याच्याकडे बघून हसला.

"तरीच," म्हातारा म्हणाला. "मला तेव्हापासून कडू आवडत नाही."

सोमिल उठला. त्याने नवे पात्र आणले, काढा गाळला आणि तो सुयामाच्या उशाशी ठेवून जमिनीवर बसला. त्याने काही सुचवले नाही. चीवराचा फाटलेला काठ घेतला आणि तो शिवू लागला. ऊन खिडकीतून खाली उतरत गेले. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचा हात अंथरुणाबाहेर आला आणि पात्र चाचपू लागला. सोमिलने टाका पुरा केला, मगच पात्र त्या हाताच्या जवळ सरकवले.

अशी ही क्षांती पारमितेची, म्हणजे धीराच्या परिपूर्णतेची, कथा आहे.