सारजाबाईंनी शोधलेलं सरकार

आजचे आजोबा पाळण्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावरदरा नावाचं गाव. तिथं सारजाबाई दिघोळे नावाच्या शिक्षिका सातवीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. गाव आणि शाळा यांच्यामधून ओढा वाहायचा आणि त्यावर साधा लाकडी साकवही नव्हता. एका पावसाळ्यात शाळेतून परतताना कुंभारांची पारू त्या ओढ्यात वाहून गेली.

पुढं शाळा भरली. बाई शिकवू लागल्या, "सरकार लोकांची काळजी घेतं." तशी वर्गात पारूशेजारी बसायची ती हौशी उठली. "बाई, पारू गेली तवा सरकार कुठं होतं?"

बाईंनी फळा पुसून टाकला. असं म्हणतात, त्या दिवशी त्यांच्या घरची चूल पेटली नाही. सकाळी त्या मुलांना म्हणाल्या, "चला, सरकार शोधू."

गावात ज्याला विचारावं, तो बोट आभाळाकडं करी. "सरकार व्हय? ते वर असतंय." बाई मुलांना घेऊन थेट वडाच्या पारावर बसल्या. म्हणाल्या, "पहिली पायरी ही. ग्रामसभा. गाव बसल्याबिगर वरचं कुणी उठत नाही."

सभा तर कैक वर्षं भरलीच नव्हती. सरपंच चिडले, "बाई, तुम्ही पोरं शिकवा!"

"तेच करतेय, दादा."

मुलांनी घरोघरी जाऊन बाया-बापड्यांना हाताला धरून आणलं. पारूची आई लेक गेल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. साकवाचा ठराव आला तेव्हा पहिला हात तिनं वर केला. मग इतके हात उठले की वडाची पानं दिसेनात, असं म्हणतात.

ठराव घेऊन बाई आणि मुलं पायी निघाली. तालुक्याच्या पंचायत समितीनं सांगितलं, जिल्हा परिषदेत जा. "कुठलं काम कुणाकडं, ते ध्यानात ठेवा," बाई मुलांना सांगायच्या. असं म्हणतात, त्यांच्यासाठी घाट खाली वाकला. बाईंच्या वहाणा झिजून गेल्या, पण एकाही पोराला काटा रुतला नाही.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "ठेवून जा, बघू."

हौशी म्हणाली, "आम्ही बसतो. तुम्ही बघा."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या धुळीनं माखलेल्या पायांकडं पाहिलं. ते खुर्चीतून उठले आणि मुलांबरोबर ओढा बघायला आले. पुढच्या पावसाच्या आत साकव उभा राहिला. पहिला पूर गर्जत आला आणि साकवाखालून मान खाली घालून गेला, असं म्हणतात.

बाई जाऊन जमाना लोटला. पण सावरदऱ्यात कुणीही सरपंच निवडून आला, की गुलाल धुवून आधी सातवीच्या वर्गात जाऊन जमिनीवर बसतो. मुलं विचारतात, त्यानं उत्तर द्यायचं. आलं नाही तर उभं राहायचं. गेल्या खेपेच्या सरपंचबाई शाळा सुटेपर्यंत उभ्या होत्या. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, "शिकतायत अजून."