बारा वर्षांनी फुलणारं झाड

एका पेठेत तुळाजी नावाचा फुलारी राहायचा. हात चपळ, जीभही चपळ, पण कुणाला काही विचारायची सवय तेवढी नाही. दिवाळी उरकली तशी दुकानाला कुलूप घालून तो चार दिवस डोंगरातल्या बहिणीकडे विसाव्याला गेला.

गावात शिरतो तो काय, पाराजवळ एक भलतंच झाड! अंगावर पान नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसत्या कळ्या, लिंबाएवढ्या, केशरी. तुळाजीची तहानभूक पळाली. उभ्या जन्मात त्यानं असलं काही पाहिलं नव्हतं.

बहीण ठकूबाई म्हणाली, "दादा, हे बारा वर्षांनी एकदा फुलतं. उद्या उन्हं आली की सगळं एकदम उमलेल."

तिचे सासरे, आबा, यांना तर आठवडाभर झोप नव्हती. मागच्या खेपेला ते तापानं फणफणले होते, त्याआधी परगावी होते. आता एक डोळा गेलेला, दुसरा अधू. पुढच्या बारा वर्षांची खात्री कोण देणार? "उद्या बघितलं की झालं," एवढंच ते म्हणत.

तुळाजीला वाटलं, म्हाताऱ्याला लांबून काय दिसणार कपाळ? आपण झाडच त्यांच्या गळ्यात घालू. मोगऱ्याची कळी पहाटे खुडायची, हारात ओवायची, ती हारातच उमलते. फुलाऱ्याच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. झालं! फटफटायच्या आत गडी झाडावर. कळ्या उतरवल्या आणि परसात बसून मांडीएवढा जाड हार केला.

उन्हं आली. गाव ढोलताशे घेऊन पाराशी जमलं, तर झाड बोडकं. इकडे हारातली एकही कळी उमलेना, उलट सगळ्या काळ्या पडल्या. ही कळी फांदीवरच उमलणारी होती.

आबा मटकन खाली बसले. लोक म्हणाले, "माकडांचंच काम. हाणा त्यांना." चार जणांनी गोफणी काढल्या. तुळाजी गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण आबांचा चेहरा त्याला बघवेना. काळा हार पुढे ठेवून तो म्हणाला, "माकड मीच. मला हाणा."

गोफणी खाली आल्या. तेवढ्यात ठकूबाईनं वर बोट केलं. शेंड्याजवळच्या बेचक्यात एक कळी चुकून राहिली होती, आणि ती उमलायच्या बेतात होती.

खालून आबांना ती दिसणं शक्यच नव्हतं. तुळाजीनं शिडी लावली, आबांना पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत वर चढला. कळी फुटली. एकेक पाकळी मागे वळू लागली, आबांच्या नाकाला लागेल इतक्या जवळ.

तुळाजीचं तोंड मात्र बुंध्याकडे. त्याला फुलाचं टोकही दिसेना. न राहवून त्यानं विचारलं, "आबा, कसं आहे हो?"

"गप रे. हलू नकोस. बघू दे मला."

तात्पर्य: आपल्या धंद्यातलं शहाणपण दुसऱ्याच्या दारी चालवण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं, आणि चूक झालीच तर ती कबूल करून निस्तरावी, मग आपल्या वाट्याला काही येवो न येवो.